तिजोरीची किल्ली कोणाच्या कमरेला?

सप्टेंबर २०२५ मध्ये संगणक-व्यवसायाला हादरा देणारी एक घटना घडली. जावास्क्रिप्ट या भाषेत प्रोग्राम, म्हणजेच आज्ञावल्या, लिहिणारे लोक ‘एनपीएम’ नावाच्या सार्वजनिक भांडारातून तयार सुटे भाग उचलतात. त्या भांडारात ‘शाय-हुलूद’ या नावाने ओळखला जाणारा एक किडा शिरला आणि पाचशेहून अधिक सुट्या भागांना त्याची लागण झाली. या किड्याला हव्या होत्या किल्ल्या. ज्या अभियंत्याच्या संगणकात तो शिरे, तेथील परवलीचे शब्द आणि प्रवेश-चिठ्ठ्या तो हुडकून काढी, त्या अभियंत्याच्याच नावाने चव्हाट्यावर मांडी, आणि हाती आलेल्या किल्लीने पुढच्या भांडाराचे दार उघडी. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात त्याची दुसरी लाट आली.

वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर अशा घटनेला सहसा जागा मिळत नाही, कारण ती अभियंत्यांच्या आपापसातील बाब वाटते. परंतु ती तशी नाही. शिक्षकाचा पगार, कारकुनाच्या भविष्यनिर्वाह निधीचा हिशेब, विद्यार्थ्याची गुणपत्रिका आणि रुग्णाचा अहवाल ही सारी माहिती आज कोणत्या ना कोणत्या आज्ञावलीच्या ताब्यात आहे. तिचे रक्षण किल्ल्या सांभाळणाऱ्यांच्या शिस्तीवर अवलंबून आहे. म्हणून या किल्ल्या कोठे ठेवल्या जातात, त्या सांभाळण्याचे नवे उपाय कितपत पुरे आहेत, आणि हलगर्जीपणाची किंमत अखेर कोण मोजतो, हे प्रश्न सार्वजनिक महत्त्वाचे ठरतात.

माणसाची किल्ली आणि यंत्राची किल्ली

परवलीचा शब्द म्हटला की सर्वसामान्य माणसाच्या डोळ्यांपुढे स्वतः माणूसच येतो. तो शब्द लक्षात ठेवतो, टंकतो आणि आत जातो. परंतु आज अशा किल्ल्यांचा मोठा वापर यंत्रेच करतात. तिकीट विकणाऱ्या आज्ञावलीला आसनांच्या नोंदी ठेवणाऱ्या आज्ञावलीकडे जावे लागते, तिला पुढे पैसे वळते करणाऱ्या आज्ञावलीचे दार ठोठवावे लागते. प्रत्येक दाराशी ओळख पटवावी लागते, आणि हे सारे मध्यरात्रीही, कोणी माणूस जागेवर नसताना, चालू राहावे लागते.

ही गुंतागुंत गेल्या दशकात वाढण्याचे कारण ‘कंटेनर’ हे तंत्र होय. न्हावा-शेवा बंदरात एका ठरावीक मापाच्या पोलादी पेट्या जहाजावरून मालमोटारीवर जशा सहज चढविल्या जातात, तशीच आज्ञावली तिला लागणाऱ्या सर्व सामानासह एका पेटीत बंद करून कोणत्याही संगणकावर चालविण्याची ही पद्धत आहे. २०१३ मध्ये ‘डॉकर’ने ती लोकप्रिय केली. पेट्यांची संख्या वाढली, तेव्हा त्यांच्यावर देखरेख करणारा मुकादम लागला. गूगलने २०१४ मध्ये जाहीर केलेली ‘कुबरनेटिस’ ही प्रणाली म्हणजे तो मुकादम. या ग्रीक शब्दाचा अर्थच मुळी सुकाणू धरणारा असा आहे. अनेक संगणकांचा समूह, म्हणजे ‘क्लस्टर’, एकत्र बांधून कोणती पेटी कोठे चालवायची, बंद पडलेली पुन्हा केव्हा उठवायची, हे ती ठरविते.

या पेट्या क्षणभंगुर असतात. आज शंभर, उद्या तीनशे, परवा पुन्हा ऐंशी. प्रत्येक नव्या पेटीला जन्मतःच आपल्या किल्ल्या हव्या असतात. त्या पेटीतच घालून ठेवल्या, तर पेटी ज्याच्या हाती पडेल त्याच्या हाती किल्ल्याही पडतात. म्हणून कुबरनेटिसने त्या वेगळ्या ठेवण्याची सोय केली आणि तिला ‘सीक्रेट’ म्हणजे गुपित असे नाव दिले. नाव आश्वासक आहे. वस्तुस्थिती तितकीशी नाही.

मोडी म्हणजे कुलूप नव्हे

ही गुपिते क्लस्टरच्या मध्यवर्ती नोंदवहीत ठेवली जातात. तेथे ती ‘बेस-६४’ नावाच्या लेखनपद्धतीत लिहिलेली असतात. पाहणाऱ्याला तो अक्षरांचा निरर्थक गोंधळ वाटतो. परंतु जुन्या दप्तरातील मोडी कागद वाचता न येणाऱ्याला गूढ वाटला, तरी मोडी जाणणारा तो घडाघडा वाचून दाखवितो. त्यासाठी त्याला कोणतीही किल्ली लागत नाही. बेस-६४चे तसेच आहे. ती एक लिपी आहे. तिला कुलूप समजणे हा भ्रम आहे. खरे कुलूप, म्हणजे नोंदवहीतील मजकूर कूटबद्ध करण्याची सोय, या प्रणालीत उपलब्ध आहे. पण तिच्या मूळ रचनेत ती व्यवस्थापकाने मुद्दाम चालू करावी लागते. प्रणालीच्या अधिकृत माहितीपत्रकातच तसा इशारा दिलेला आहे. शिवाय क्लस्टरच्या एखाद्या विभागात नवी पेटी चालू करण्याचा अधिकार ज्याला आहे, त्याला त्या विभागातील कोणतेही गुपित आपल्या पेटीला जोडून वाचता येते. कागदोपत्री ‘वाचण्याचा अधिकार’ त्याला दिलेला नसला, तरी यात फरक पडत नाही.

या शक्यता कागदावरच्या नाहीत. फेब्रुवारी २०१८ मध्ये ‘रेडलॉक’ या सुरक्षा-कंपनीने उघडकीस आणले की, टेस्ला या मोटार-कंपनीच्या कुबरनेटिसचे नियंत्रण-दालन परवलीच्या शब्दाविनाच उघडे होते. आत शिरलेल्यांना एका पेटीत ॲमेझॉनच्या भाड्याच्या संगणकांची किल्ली सापडली आणि त्यांनी कंपनीच्या यंत्रांवर आपले कूटचलन खणून घेतले. त्याआधी २०१६ मध्ये उबर या प्रवासी वाहतूक कंपनीच्या अभियंत्यांच्या खासगी भांडारात अशीच एक किल्ली घुसखोरांना मिळाली. तिच्या जोरावर सुमारे ५ कोटी ७० लाख प्रवासी व चालक यांची माहिती त्यांनी उतरवून घेतली. कंपनीने त्यांना एक लाख डॉलर देऊन प्रकरण झाकले. ते बाहेर आले नोव्हेंबर २०१७ मध्ये.

हे अपवाद आहेत असे समजण्याला आधार नाही. ‘गिटगार्डियन’ या कंपनीच्या पाहणीनुसार, एकट्या २०२४ या वर्षात ‘गिटहब’ या भांडाराच्या सार्वजनिक भागात २ कोटी ३७ लाखांहून अधिक नव्या किल्ल्या उघड्या पडल्या. ही कंपनी अशाच गळतीवरील उपाय विकते, तेव्हा तिचे आकडे थोडे हात राखून स्वीकारावेत हे खरे. परंतु तिचे दुसरे निरीक्षण अधिक चिंताजनक आहे. २०२२ मध्ये उघड्या पडलेल्या किल्ल्यांपैकी सुमारे ७० टक्के किल्ल्या नंतरही चालू स्थितीत सापडल्या. म्हणजे किल्ली हरवली आणि तरीही कुलूप बदलले गेले नाही.

तिजोरी आली, प्रश्न उरला

यावर सध्या पुढे आलेला उपाय म्हणजे ‘पासवर्ड मॅनेजर’. मुळात ही माणसांसाठी केलेली तिजोरी. शेकडो परवलीचे शब्द एका कूटबद्ध पेटीत ठेवायचे आणि तिचा एकच मुख्य शब्द लक्षात ठेवायचा, ही तिची कल्पना. वनपासवर्ड, बिटवॉर्डन यांसारख्या कंपन्यांनी हीच तिजोरी आता यंत्रांनाही उघडी केली आहे. क्लस्टरमध्ये एक मध्यस्थ आज्ञावली बसवायची; ती तिजोरीतून हवी ती गुपिते आणून पेट्यांच्या हवाली करते.

या व्यवस्थेचे लाभ निःसंशय मोठे आहेत. किल्ल्या दहा वह्यांत, चार निरोपांत आणि दोन अभियंत्यांच्या आठवणीत विखुरलेल्या न राहता एका ठिकाणी येतात. कोणती किल्ली कोणी, केव्हा घेतली याची नोंद राहते. एखादी किल्ली बदलायची झाल्यास ती एका जागी बदलून सर्वत्र पोचविता येते. ४ जानेवारी २०२३ रोजी ‘सर्कलसीआय’ या कंपनीने आपल्या सर्व ग्राहकांना, आपल्याकडे ठेवलेली सगळी गुपिते ताबडतोब बदला, असे कळविले. तिच्या एका अभियंत्याच्या संगणकात शिरलेल्या घातक आज्ञावलीमुळे ती वेळ आली होती. अशा वेळी ज्याच्याकडे किल्ल्यांची नोंदवही आहे त्याला काय बदलायचे हे तरी ठाऊक असते. ज्याच्याकडे ती नाही, त्याला आधी आपल्याकडे काय होते हेच शोधत बसावे लागते.

तथापि, तिजोरी आणली म्हणजे चिंता मिटली असे मानणाऱ्यांनी दोन गोष्टी ध्यानात घेतल्या पाहिजेत. पहिली अशी की, यांतील अनेक मध्यस्थ आज्ञावल्या तिजोरीतून गुपित काढतात आणि त्याची प्रत करून पुन्हा कुबरनेटिसच्या त्याच नोंदवहीत ठेवतात. नोंदवहीला कुलूप नसेल, तर बँकेच्या लॉकरमधून दागिना काढून तो दिवाणखान्यातील टेबलाच्या खणात ठेवण्यासारखेच हे झाले. गुपिताची अशी प्रत न करता ते थेट त्या पेटीच्या तात्पुरत्या स्मृतीत पोचविण्याच्या पद्धती आहेत. परंतु त्या मुद्दाम निवडाव्या लागतात आणि त्यांना अधिक खटपट पडते.

दुसरी अडचण अधिक मूलभूत आहे. तिजोरीतून गुपित आणणाऱ्या मध्यस्थालाही तिजोरी उघडण्यासाठी किल्ली लागतेच. ती कोठे ठेवायची? मध्यरात्री यंत्र पुन्हा सुरू झाले, तर मुख्य शब्द टंकायला तेथे कोणी नसतो. म्हणून बहुधा ती किल्ली क्लस्टरमध्येच, एक ‘सीक्रेट’ म्हणून, ठेवली जाते. हजार गुपिते तिजोरीत गेली, पण तिजोरीची किल्ली बाहेर, मोडी लिपीत, लोंबत राहिली. जोखीम नाहीशी झाली नाही. ती एका ठिकाणी गोळा झाली. विखुरलेल्या जोखमीपेक्षा गोळा झालेली जोखीम सांभाळणे सोपे असते, हे खरे. पण ती सांभाळली नाही, तर होणारा अनर्थही तितकाच मोठा असतो.

२०२२ मधील ‘लास्टपास’चे प्रकरण याचा धडा देते. ही कंपनी लोकांच्या परवलीच्या शब्दांच्या तिजोऱ्याच सांभाळणारी. तिच्या तिजोऱ्यांच्या राखीव प्रती उघडण्यास लागणाऱ्या किल्ल्या अवघ्या चार अभियंत्यांच्या आवाक्यात होत्या. हल्लेखोरांनी त्यांपैकी एकाच्या घरच्या संगणकात कळफलकावरील प्रत्येक अक्षर टिपणारी आज्ञावली घुसविली, त्याचा मुख्य शब्द मिळविला आणि ग्राहकांच्या तिजोऱ्यांच्या प्रती उचलून नेल्या. आतील परवलीचे शब्द कूटबद्ध होते. परंतु कोणत्या ग्राहकाचे कोणत्या संकेतस्थळांवर खाते आहे, ही माहिती तशी नव्हती. भिंती कितीही जाड असोत, किल्लीवाल्याच्या घरचा दरवाजाही मजबूत असावा लागतो.

जुन्या कोषागाराची शिस्त

या प्रश्नांची उत्तरे पूर्णतः नवीन आहेत असे मात्र नाही. सरकारी कोषागारात किंवा बँकेच्या भक्कम खोलीत दुहेरी कुलपाची पद्धत पूर्वापार चालत आलेली आहे. एक किल्ली अधिकाऱ्याकडे, दुसरी रोखपालाकडे. दोघे हजर असल्याखेरीज दार उघडत नाही. एका अधिकाऱ्याने दुसऱ्याकडे किल्ली सोपविली की वहीत दोघांच्या सह्या होतात. या पद्धतीचा पाया असा की, माणूस प्रामाणिक आहे या गृहीतकावर व्यवस्था उभी करू नये. तो चुकला तरी अनर्थ होणार नाही अशी ती असावी.

संगणकाच्या जगातही हे तत्त्व पोचलेले आहे. गणिती आदी शमीर यांनी १९७९ मध्ये एका गुपिताचे अनेक हिस्से करून, त्यांपैकी ठरावीक संख्येने हिस्से एकत्र आल्यावरच ते उलगडेल, अशी रीत दाखवून दिली. ‘व्हॉल्ट’ या गुपितांच्या तिजोरीत तिचाच वापर होतो. मुख्य किल्लीचे पाच हिस्से करायचे आणि कोणतेही तीन आल्याशिवाय तिजोरी उघडायची नाही, ही तिची ठरीव रीत. परंतु दर वेळी तीन माणसे गोळा करणे गैरसोयीचे, म्हणून तिजोरी आपोआप उघडण्याचीही सोय करण्यात आली. सोय आणि सुरक्षा यांची ही ओढाताण कोणत्याही यंत्राने मिटणारी नाही.

तेव्हा खरी सुधारणा किल्लीचे आयुष्य कमी करण्यात आहे. वर्षानुवर्षे चालणाऱ्या किल्लीऐवजी, पेटीची ओळख पटवून तिला तासाभरापुरती चिठ्ठी द्यावी. चोराच्या हाती ती पडली तरी लवकरच निरुपयोगी होते. कुबरनेटिसने २०२२ मधील १.२४ या आवृत्तीपासून आपल्या अंतर्गत सेवा-खात्यांसाठी कधीच न संपणाऱ्या चिठ्ठ्या आपोआप तयार करणे थांबविले, ते याच दिशेचे पाऊल होय. त्याला तीन साध्या नियमांची जोड हवी. प्रत्येक पेटीला तिच्या कामापुरतीच किल्ली मिळावी, नोंदवहीला खरे कुलूप असावे, आणि किल्ल्या बदलण्याची रंगीत तालीम संकट येण्यापूर्वीच व्हावी. यांतील एकही गोष्ट दुर्बोध नाही. मग ती सर्रास का होत नाही?

किंमत कोणी मोजायची?

या प्रश्नाचे उत्तर तंत्रशास्त्रापेक्षा अर्थशास्त्राकडे अधिक आहे. गुपितांची शिस्त पाळण्याचा खर्च कंपनीला आज, रोख स्वरूपात करावा लागतो. ती न पाळल्याचे नुकसान मात्र उद्या, कदाचित, आणि बहुतांशी दुसऱ्यालाच सोसावे लागते. कारखान्याने आपले सांडपाणी नदीत सोडावे आणि खालच्या गावाने आजारपण भोगावे, त्याच जातीचा हा व्यवहार आहे. त्यात ग्राहकाला सुरक्षेचा दर्जा पारखता येत नाही. जॉर्ज अकेरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखविले की, विकणाऱ्याला मालाची खरी स्थिती माहीत असते आणि घेणाऱ्याला नसते, तेव्हा चांगला माल बाजारातून हटू लागतो. सुरक्षेचा बाजार याहून वेगळा नाही. ज्या खर्चाचे चीज ग्राहकाला दिसत नाही, तो करण्याची प्रेरणा व्यवस्थापकाला उरत नाही.

केंब्रिजचे संगणकशास्त्रज्ञ रॉस अँडरसन यांनी २००१ मध्ये या संदर्भात एक बोलके उदाहरण दिले होते. रोकड देणाऱ्या यंत्रातून चुकीने पैसे गेल्याची तक्रार आली, तर अमेरिकेत ग्राहक खोटा आहे हे बँकेने सिद्ध करायचे. ब्रिटनमध्ये मात्र बराच काळ बँका ग्राहकावरच दोष ढकलू शकत. वरवर पाहता ब्रिटिश बँका सुखी दिसतात. प्रत्यक्षात त्या आळसावल्या आणि त्यांच्याकडील फसवणूक वाढली. जबाबदारी ज्याच्या खांद्यावर असते, तोच काळजी घेतो. आणि ज्याला काळजी घेणे शक्य आहे त्याच्याच खांद्यावर ती असावी, हा या तुलनेचा इत्यर्थ.

या कसोटीवर भारतीय कायदा तपासून पाहण्यासारखा आहे, कारण पुणे, बंगळूर, हैदराबाद येथील हजारो अभियंत्यांचे रोजचे काम हेच आहे. सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ च्या आदेशाने सायबर घटना सहा तासांच्या आत कळविणे बंधनकारक केले. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा वाजवी सुरक्षा-उपाय न योजणाऱ्यावर २५० कोटी रुपयांपर्यंत दंड बसविण्याची तरतूद करतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नियमांत माहिती कूटबद्ध करणे, प्रवेशावर नियंत्रण ठेवणे आणि नोंदी जपणे यांचा स्पष्ट उल्लेख आहे. मुख्य जबाबदाऱ्या लागू होण्यासाठी अठरा महिन्यांची मुदत ठेवलेली आहे. ही प्रगती स्वागतार्ह आहे. उबरप्रमाणे प्रकरण दडपणे यापुढे महाग पडू शकेल.

परंतु एक मोठी उणीव राहिली आहे. दंडाची रक्कम भारताच्या संचित निधीत जमा होते; ज्याची माहिती फुटली त्याला तीतून एक पैसाही मिळत नाही. हा कायदा पूर्णांशाने अमलात येताना माहिती तंत्रज्ञान कायद्यातील ४३अ हे नुकसानभरपाईचे कलमही वगळले जाते. ज्याचे नुकसान झाले त्याला दाद मागण्याचे कारणच उरले नाही, तर तक्रार करणार कोण? आणि तक्रारीच आल्या नाहीत, तर दंडाची तलवार म्यानातच गंजून जाईल. भरपाईचा हक्क पुन्हा देणे, आणि शासकीय खात्यांनी आज्ञावल्या विकत घेताना ‘किल्ल्या कोठे ठेवता, किती दिवसांनी बदलता आणि कोणाच्या सहीने देता’ हे तीन प्रश्न निविदेतच विचारणे, एवढे तरी तातडीने व्हावयास हवे. मोठ्या खरेदीदाराच्या अटींमुळे बाजारातील दर्जा सुधारतो, हा सर्वत्र येणारा अनुभव आहे.

पासवर्ड मॅनेजर हे उपयुक्त साधन आहे आणि ते वापरू नये असे कोणीही सुज्ञ माणूस म्हणणार नाही. पण किल्ली कोणाकडे आहे, किती दिवस आहे आणि ती हरवली तर उत्तर कोणी द्यायचे, हे प्रश्न तिजोरी विकत घेऊन सुटत नाहीत. ते व्यवस्थापनाला आणि कायद्यालाच सोडवावे लागतील. ज्यांची माहिती त्या तिजोरीत आहे, त्या कोट्यवधी लोकांना किल्ली मागण्याचा अधिकार नाही. पण ती कोणाच्या कमरेला आहे, हे विचारण्याचा अधिकार त्यांना निश्चितच आहे.